वरचा एक युरो

ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत माझी ख्याती ‘पैशाचा डॉक्टर’ अशी आहे, आणि या ख्यातीपायी मी जो छळ सोसलाय तो खऱ्या डॉक्टरांनी साथीच्या दिवसांतही सोसला नसेल.

माझा प्रबंध कादंबऱ्यांतल्या पैशावर आहे. पात्रं पैसे मागताना कशी अडखळतात, देताना कुठले शब्द वापरतात, कोण मोजून देतं आणि कोण न मोजता, असल्या गोष्टींवर मी जर्मनमध्ये चारशे पानं लिहिली. बायकोनं गणपतीच्या कार्यक्रमात कौतुकानं कुणाला तरी सांगितलं, “हा पैशावर डॉक्टरेट करतो.” पुढचे शब्द ढोलात बुडाले. आमचं गाव इंजिनिअरांचं. शेजारच्या मोटार कारखान्यात अर्धा पुणे जिल्हा कामाला आहे, आणि त्या अर्ध्या जिल्ह्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला.

“दादा, श्टॉयरचा, म्हणजे टॅक्सचा, फॉर्म जरा बघता का?”

“दादा, बोनस आलाय, कशात टाकू?”

मी म्हटलं, “जाडसर कादंबरीत टाक. भाव पडला तरी उशाला येते.”

तो सभ्यपणे हसला आणि म्हणाला, “ते झालंच, पण रिटर्न किती?”

त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे राहायला आले होते. सगळा जन्म बँकेत काढलेला माणूस. नोट नुसती कानाजवळ नेली तरी ती कुठकुठे फिरून आली हे सांगतील. पहिल्याच दिवशी चहाचा घोट घेऊन म्हणाले, “जावईबापू, तुम्ही पैशावर एवढं लिहिता. पैसा तुमच्याबद्दल काही लिहितो का?”

वर्मी लागलं, कारण पैसा लिहायचा थांबणारच होता. सप्टेंबरअखेर माझं कंत्राट संपत होतं. इथल्या विद्यापीठांची रीतच अशी की माणसाला काही येत नसतं तोवर सांभाळतात आणि कुठे जरा येऊ लागलं की निरोपाचा नारळ देतात. नारळ मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

ब्राउनश्वाइगला येण्याआधी मी कायझर्सलाउटर्नला शिकवायचो. बायकोची नोकरी इथे, माझी तिथे. शुक्रवारी आगगाडीत बसायचं, रविवारी परत गाडीत बसायचं. त्या काळात मुलीनं काढलेली घराची चित्रं अजून आमच्या फ्रिजवर आहेत. आई स्वयंपाकघरात, ती स्वतः झोपाळ्यावर, आणि बाबा खिडकीत. खिडकी गाडीची. घराच्या बाजूला एक लांबलचक लाल गाडी उभी आणि तिच्यातून मी हात हलवतोय.

आता आमच्याच विद्यापीठात एक जागा निघाली होती. तिच्यासाठी जूनमध्ये चाचणी व्याख्यान द्यायचं, समिती प्रश्न विचारणार, मग ठरणार. जागा मिळाली तर तिघं एका छपराखाली. नाही मिळाली तर पुन्हा बॅग.

“मला पुन्हा वीकएंडचा नवरा नकोय,” बायको म्हणाली. “नीट बोल. फार लांबण लावू नकोस.”

आता यात एक युरो कुठून आला, ते सांगतो.

आदल्या वर्षी आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले. त्यांच्या निरोपासाठी एक मोठं पाकीट टेबलाटेबलावरून फिरत होतं आणि प्रत्येकानं त्यात दहा युरो टाकायचे होते. ते फिरवत होती विभागाची सेक्रेटरी. या बाईबद्दल काय सांगू! तिच्या स्टेपलरच्या परवानगीशिवाय आमच्या इमारतीत पान हलत नाही. एकदा तिनं नुसतं वर पाहिलं तर भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे सरकून वेळेवर आलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी दहाची नोट हातात घेतली आणि हात अडला. आमच्या घरात आहेर एक्कावन्नाचा, एकशेएकाचा. पाकिटाला वर रुपया चिकटवलेलाच असतो. नुसते दहा देणं म्हणजे जेवून उठताना ताटाला पाय लावल्यासारखं वाटलं. मी नोटेवर एक युरोचं नाणं चिकटपट्टीनं लावलं आणि टाकलं पाकिटात.

तासाभरात बाई दारात.

“हेर डॉक्टर,” म्हणजे डॉक्टरसाहेब, “तुमचा एक युरो जास्त झाला.”

“जास्त नाही, तो वरचा आहे.”

“कशाच्या वरचा?”

“दहाच्या.”

“आल्झो, म्हणजे जास्तच.”

मी समजावलं. पूर्ण आकडा दिला की हिशोब मिटला, दार लागलं. वर एक ठेवला की दार किलकिलं राहतं. पुन्हा भेटायचंय, एवढाच अर्थ.

“म्हणजे प्रोफेसरांनी तो तुम्हाला परत करायचा?”

“छे छे!”

“मग कर्ज नाही. भेट आहे?”

“भेट ते दहा.”

“मग हे काय आहे?”

मी तोंड उघडलं. पैसा आणि भाषा यांच्यावरची चारशे पानं माझ्या नावावर होती, आणि त्यांतलं एकही मदतीला येईना. बाईंनी नाणं टेबलावर ठेवलं, चिकटपट्टी सोडवून तिची नीट घडी केली, तीही ठेवली, आणि गेल्या.

मग युद्ध पेटलं. मी तो युरो तिच्या पेनांच्या पेल्यात टाकला. सकाळी तो माझ्या टपालाच्या खणात. मी तिच्या निवडुंगाच्या कुंडीत पुरला. तो धुऊन पुसून परत आला, पूर्वीपेक्षा लख्ख. हिवाळा आला, बर्फ पडलं, वितळलं, तळ्यातली बदकं परतली, आणि आमचा युरो आपला जातोय, येतोय. दरम्यान प्रोफेसर सायकलची एक झकास चामडी बॅग घेऊन निवृत्तही झाले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

व्याख्यानाच्या आदल्या रविवारी मी घरी तालीम केली. बोललो, हातवारे केले, चाळीस स्लाइड दाखवल्या. सासरे तिसऱ्या स्लाइडला झोपले. मुलगी चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता म्हणाली, “लांगवाइलिष.”

सासरे दचकून जागे झाले. “काय म्हणाली गं?”

“छान झालं म्हणतेय,” बायको म्हणाली. लांगवाइलिष म्हणजे कंटाळवाणं.

व्याख्यानाचा दिवस उजाडला. सकाळी टपालाच्या खणात युरो होता. तो मी कोटाच्या खिशात टाकला आणि सभागृहात गेलो. समोर समिती बसलेली. तीत बाहेरच्या विभागाचा एक सदस्य असतो. माझ्या नशिबी यंत्र विभागाचा आला, पान्यासारखे पंजे असलेला. पहिल्या रांगेत आमचे जुने प्रोफेसर, चांगला कान माझ्याकडे करून. मागच्या रांगेत सेक्रेटरीबाई, तिच्या दोन खुर्च्या सोडून माझी बायको आणि सासरे. सासऱ्यांना जर्मन येत नाही, पण जावयाची परीक्षा आहे म्हटल्यावर ते कोट घालून आले होते.

मी बोलू लागलो आणि सभागृहावर गुंगी उतरली. विसाव्या स्लाइडला एक माशी उडत होती, तीही मध्येच बसली. मला फ्रिजवरची लाल गाडी दिसायला लागली. मागे बायको हातातल्या रुमालाला पीळ देत होती.

व्याख्यान संपलं. टेबलावर बोटं वाजली, इथे टाळ्यांऐवजी तेच करतात. मग यंत्रवाल्यानं पंजा वर केला.

“सगळं ठीक आहे. पण मला असा एक पैसा दाखवा जो काही विकत घेत नाही. नुसता बोलतो.”

माझा हात आपोआप खिशात गेला.

“हा पाहा,” मी म्हटलं आणि युरो वर धरला. “हा मी सतरा वेळा दिला आणि सतरा वेळा माझ्याकडे परत आला.”

“तीनदा,” मागून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. सेक्रेटरीबाई ताठ बसून म्हणाल्या, “आणि एकदा कुंडीतून. तो मी धरत नाही.”

असा हशा पिकला की माशी परत उडाली. मग मी कागद बाजूला ठेवले आणि आहेराचं सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे नोटेच्या जोडीला एक वाक्य चिकटवून देतात आणि ते वाक्य मुद्दाम अपुरं ठेवतात, असं म्हणालो. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत कुणी कुणाला मोजून, पुरते पैसे देतं तेव्हा बहुधा त्या माणसाला गोष्टीतून निरोप मिळतो. थोडं वर राहिलं किंवा थोडं कमी पडलं, तर तो पुढे कुठल्यातरी प्रकरणात दार वाजवतोच. चारशे पानांत मी याच्याभोवती फिरत होतो. बाईंनी ‘मग हे काय आहे’ विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही, कारण मी ते पुस्तकांत शोधत होतो आणि ते माझ्या आईच्या आहेराच्या पाकिटावर चिकटलेलं होतं.

“आणि हे चालतं?” यंत्रवाला म्हणाला. “चालवून दाखवा.”

आता आली का पंचाईत! नाणं चालवून कसं दाखवायचं? एवढ्यात पहिल्या रांगेतून प्रोफेसरांनी विचारलं, “पण हा युरो आहे कुणाचा?”

“तुमचाच, हेर प्रोफेसर. तुमच्या निरोपाच्या पाकिटातला.”

“माझा? आणि वर्षभर तुमच्या खिशात?”

ते उठले, हळूहळू पुढे आले, माझ्या हातातून नाणं घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आपल्या खिशात टाकलं. मग जरा घोटाळल्यासारखे उभे राहिले. म्हणाले, “आता तुम्हाला घरी बोलवायला हवं. रविवारी कॉफीला या. स्ट्रॉबेरीचा केक असेल. बायकोला, मुलीला, सगळ्यांना आणा.”

या माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली, पण त्याच्या घराचं दार कुठल्या रंगाचं आहे हे विभागात एकालाही ठाऊक नव्हतं. यंत्रवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, प्रोफेसरांच्या खिशाकडे पाहिलं आणि म्हणाला, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर.

मागे सासरे माझ्या बायकोला मोठ्यानं विचारत होते, “काय झालं? यांचे पैसे काढून घेतले का?”

दार हिरवं होतं. केक सुरेख होता. पण निकाल कळायला आणखी तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत मी घरातली प्रत्येक वस्तू दोनदा दुरुस्त केली, त्यातल्या निम्म्या कायमच्या बिघडल्या. अखेर एका दुपारी फोन आला. मी जर्मन होकाराचं “या, या, या” म्हणत राहिलो, फोन ठेवला आणि पाहिलं तर तिघंही स्वयंपाकघराच्या दारात.

“मिळाली?” बायको म्हणाली.

“मिळाली.”

“कायमची?” सासरे म्हणाले.

“नाही. सहा वर्षं. मग काम तपासणार आणि पुढचं ठरवणार.”

सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “सहा? हा काय आकडा झाला? माणसानं पाच द्यावीत, नाहीतर सरळ दहा द्यावीत.”

“पाचावर एक आहे, बाबा,” बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

सासऱ्यांनी मनात काहीतरी तपासलं. मग मान डोलावली. “असं होय. मग पुन्हा बोलावणं येणार म्हणायचं. जावईबापू, पेढे आणा, इथे मिळत नसतील तर करा.”

मुलीला यातलं एवढंच कळलं होतं की कुणीतरी कुठेतरी जाणार किंवा जाणार नाही. तिनं जर्मनमध्ये विचारलं, “बाबा आता इथेच?”

“इथेच,” मी मराठीत म्हटलं.

ऑक्टोबरात नव्या खोलीत बसलो आणि पहिल्याच आठवड्यात पाकीट आलं. ग्रंथालयातल्या कुणाचं तरी लग्न होतं. मी सवयीनं नाणं शोधायला लागलो तर बाई म्हणाल्या, “शोधू नका. आता विभागात अकराचाच नियम आहे. सगळ्यांचे जमा झालेत, फक्त तुमचे राहिलेत.”

मी बाईंकडे पाहिलं. वर्षभर जिनं एका युरोला थारा दिला नाही, तिनं त्याचा कायदा करून टाकला होता, आणि कायद्यानं अकरा दिले की हिशोब पुन्हा चोख मिटत होता. मी निमूटपणे दहाची नोट काढली, तिच्यावर दोन युरोचं नाणं चिकटवलं आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना टपालाच्या खणात एक युरो होता. तो खिशात टाकला आणि ट्राम पकडली. घर तीन थांब्यांवर आहे.