कपाळावरची राख

शिंदीचं वाळलेलं पान जळतानाचा वास आला, की मला जळकोटचा तो बुधवार आठवतो. रझाकारांची धामधूम चालू होती. गावातली आमची मोजकी ख्रिस्ती घरं सोलापूरकडं निघून गेली होती. मालक सासूबाईंना पोचवायला गेले ते तिकडंच अडकले, आणि गाय व्यायला आलेली म्हणून मी एकटीच मागं राहिले होते. उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायचे त्या दिवशी फादर बैलगाडीनं यायचे आणि आमच्या कपाळाला राख लावायचे. त्या साली रस्ते बंद, म्हणून ते येणार नव्हते. मागच्या वर्षी त्यांनी आशीर्वाद दिलेल्या शिंदीच्या झावळ्या आढ्याला खोचलेल्या होत्या, त्या मी अंगणात जाळल्या. पण ही राख आपली आपण लावून घ्यायची नसते. म्हणून शेजारच्या लिंगायत म्हातारीला बोलावलं. तिनं सवयीनं तीन बोटांनी आडवे पट्टे ओढले. "तसं न्हाय अव्वा, क्रूस काढा," म्हटल्यावर अंगठ्यानं मधून एक उभी रेघ दिली. "आता म्हणा, तू माती हायेस, मातीलाच मिळशील." तिनं हात मागं घेतला. "एकट्या पोरीला असलं कुणी बोलतं व्हय? मी न्हाय म्हणायची. तुझा मालक येतोय बघ." मालक कधीच आले नाहीत. आता भरल्या चर्चमध्ये फादर एकेकाला तेच शब्द म्हणत पुढं सरकतात. माझ्यापाशी पोचले की मी डोळे मिटते, आणि दरवर्षी वाटतं, या खेपेला तरी ते म्हणणार न्हाईत.