शिरेची भिंत

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या यकृतातली गाठ शिरेत शिरली आहे आणि आता प्रत्यारोपण होणार नाही. दीर बाहेर बाकावर बसला होता. आपल्या यकृताचा तुकडा तो देणार होता.

महिनाभर आधी सोनोग्राफीत ती गाठ सापडली. लिव्हर म्हटलं की लोक आधी दारूचं विचारतात. ह्यांनी ऑफिसच्या चहापलीकडे कधी काही घेतलं नव्हतं. जुन्या काविळीचा विषाणू अंगात राहून गेला होता, एवढंच. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, गाठ यकृतापुरती असेल तर भावाचं यकृत चालेल, मोठ्या शिरेत गेली असेल तर नाही. ते कळण्यासाठी डाय टाकून स्कॅन करायचा होता.

आमचं सरकारी क्वार्टर दिल्लीत आर. के. पुरमला होतं. तिथल्या घरांत लग्नाचे मुहूर्तसुद्धा संसदेचं अधिवेशन बघून धरतात. अधिवेशनात खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं ह्यांच्या टेबलावरून जात, आणि त्या दिवसांत रजा मागायची नसते हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा ते ऑफिसात होते.

"मॅडम, परसों का स्लॉट खाली है."

"सेशन के बाद का दे दीजिए," मी म्हणाले.

फोनवरच्या मुलीने स्कॅनसाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं.

"बरं केलंस. परवा संसदेत आमच्याच खात्याचा प्रश्न लागलाय."

ते तीन आठवडे मी त्यांच्याकडे चोरून बघत असे. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवं भोक पाडलं. भात अर्धा टाकायला लागले. "अहो, मी तारीख आधीची मागू का?" असं मी एकदाच विचारलं. त्यांनी फायलीतून मान वर न काढता "चारच दिवस राहिलेत" म्हटलं, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. रविवारी फरीदाबादहून दीर आला. त्याच्या तपासण्या जुळल्या होत्या.

"दादा, माझं लिव्हर घेतलंस तर रोज छोले-भटुरे मागेल हां. त्याला वरण-भाताची सवय नाही."

"तुझं आहे म्हटल्यावर कामाला उशिराच येणार," हे म्हणाले.

दोघं हसले. मी स्वयंपाकघरात गेले.

स्कॅनचा रिपोर्ट आला त्या मंगळवारी मी डॉक्टरांना विचारलं, शिरेला भिंत असते ना, मग गाठ आत जाते कशी? त्यांनी शांतपणे समजावलं. कर्करोगाच्या पेशी एक एन्झाइम सोडतात. शिरेभोवती प्रथिनांची जाळी असते, तिचे धागे ते एन्झाइम कापतं. वाट झाली की पेशी आत सरकतात आणि रक्ताबरोबर पुढे जातात. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणत. पोळी चावत राहिलं की गोड का लागते, ते शिकताना हा शब्द भेटला होता. पुढे मी वाचलं की अशीच विकरं जखम भरतानाही लागतात, जुनं कापून नव्याला जागा करून देतात. वाचून काही हलकं वाटलं नाही.

"हे कधी झालं असेल?" मी विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी नसेलही. असेलही. आता सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर दिराला सांगितलं. तो बराच वेळ हातातली आपल्या रिपोर्टांची पिशवी नीट करत राहिला.

"वहिनी, तारीख आधीची मिळतच नव्हती का?"

"नाही," मी म्हणाले.

हे शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भावाला म्हणाले, "चल, गाडी काढ. इथे पार्किंगवाला शिट्ट्या मारतोय."

घरी पोचेपर्यंत त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. नंतरही नाही. पाच महिन्यांनी ते गेले.

क्वार्टर सोडावं लागलं. आता मी फरीदाबादला दिराच्या घरात खालच्या दोन खोल्यांत राहते. सकाळी तो चहा घेऊन येतो, पेपर वाचतो, कामावर जातो. हॉस्पिटलने तारीख उशिराची दिली, असं तो लोकांना सांगतो. मी ऐकत असते. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही.