मी विझवलेला राब

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सासरी, माहेरी आणि आमच्या दूधवाल्याला, सगळ्यांना माहीत आहे. आता वय झाल्यावर तो जरा खाली उतरलाय. पण एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी बी.एड. होऊन पुण्याहून खालापूर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात गणित शिकवायला गेले, तेव्हा तो अगदी ताजा होता. सोबत एक सागवानी फूटपट्टीही होती.

शाळा म्हणजे सहा कौलारू खोल्या, मागे लागूनच भाताची खाचरं आणि पलीकडे डोंगर. मी खोपोलीत खोली घेतली होती, एसटीने ये-जा करायची. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी माझ्या पट्टीकडे बघितलं. त्यांना सगळे मोठे सर म्हणत.

"ही रेघा मारायला ना, बाई?"

मी हो म्हटलं.

"मग ठीक. इथे मुलांना मारायचं नाही, एवढा एकच नियम आहे."

मला वाटलं, गृहस्थ भाबडे दिसतात. चार दिवसांत पोरं यांच्या डोक्यावर बसतील.

त्यांची एक पद्धत होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात सतरंजी अंथरली जाई. आठवड्यात ज्याने कुणाचं नुकसान केलं तो आणि ज्याचं झालं तो, असे दोघं त्यावर समोरासमोर बसत. काय झालं ते दोघंही सांगत. मग ज्याचं नुकसान झालं त्याला सर विचारत, "आता काय केलं म्हणजे तुझं मन निवेल?" तिथे खुर्ची कुणालाच नसे, सरांनाही नसे. एकदा नववीतल्या एकाने गंमत म्हणून दुसऱ्याची भाकरी ओढ्यात फेकली. ठरलं असं, की फेकणाऱ्याने आठवडाभर आपल्या घरून दोघांपुरती भाकरी आणायची. त्याच्या आईच्या हातची सुकटीची चटणी इतकी झकास होती, की आठवडा संपला तेव्हा त्या दुसऱ्याचं तोंड उतरलं. शिक्षकांच्या खोलीत मी म्हटलं, "याला शिक्षा म्हणायचं की पाहुणचार?" सगळे हसले. मोठे सरही हसले आणि त्यांनी मला अर्धा कप चहा वाढवून दिला.

मी मुलांना मारत नव्हते, पट्टी टेबलावर आपटत होते. तेवढ्याने भागायचं. माझा वर्ग इतका चिडीचूप असे, की शेजारच्या वर्गावरचे मास्तर कौतुकाने डोकावून जात. मला त्याचा केवढा अभिमान होता!

मार्च महिना होता. मधल्या सुट्टीत मी खिडकीशी डबा उघडून बसले होते. बघते तर शाळेमागच्या खाचरातून धूर! शाळेपासून वीस पावलांवर जमीन जळत होती, आणि तिथे माझ्याच आठवीच्या वर्गातली एक मुलगी हातात लांब काठी घेऊन निखारे सारत उभी होती. डबा तसाच टाकून, हाताशी होती ती पट्टी घेऊन मी धावले.

"बादल्या आणा! पाणी आणा!"

मैदानावरची पोरं गोळा झाली. कुणीतरी "बाई, अवो..." असं काहीतरी सुरू केलं. "गप्प! आधी पाणी!" मी ओरडले. मग काय, पोरांनी रांग लावली. विहिरीचं पाणी आणलं, ते पुरेना म्हणून शाळेचं प्यायच्या पाण्याचं पिंपही रिकामं केलं. दहा मिनिटांत आग विझली. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. त्या भरात मी मुलीचा हात धरला आणि पट्टीचे दोन तडाखे तिच्या तळव्यावर ओढले.

"शाळेशेजारी आग लावतेस?"

ती रडली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्या काळ्या चिखलाकडे बघत होती.

शाळेचे शिपाईमामा हळूच जवळ आले. "बाई," ते म्हणाले, "तुमी तिच्या आयेचा राब इझवलात."

पुण्यात वाढलेल्या मला राब कुठून माहीत असणार? भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तिथे शेण, झाडाचे टहाळे, पातेरा म्हणजे वाळका पाला, असे थर देतात, वर माती पसरतात आणि ते सगळं हळूहळू जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीत पेरलं की रोप जोमदार येतं, तण कमी होतं. त्या बाईने हिवाळाभर डोंगरातून भारे आणून तो राब रचला होता. सकाळी पेटवून ती घरी गेली होती आणि मधल्या सुट्टीत लेक राखण करत होती. मी त्याचा लगदा केला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामांनी सांगितलं, "आयेसंगं डोंगरात जाती पातेरा आणाया. आता शाळा पुरे म्हनतीय आय." वार्षिक परीक्षा चार आठवड्यांवर आली होती. ती बुडाली की मुलगी घरी बसणार आणि दोन वर्षांत तिचं लग्न होणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढं मलाही कळत होतं.

"शनिवारी सतरंजीवर या, बाई," मोठे सर म्हणाले.

"मी?"

"राब तुम्हीच विझवलात ना?"

शनिवारपर्यंत मी मनातल्या मनात तीनदा राजीनामा लिहिला. तिन्ही वेळा शुद्धलेखन तपासलं.

सतरंजीवर एका बाजूला मी आणि बादलीवाली पोरं, समोर मुलगी आणि तिची आई. मी भाषण पाठ करून आले होते: मी पुण्याची, मला ठाऊक नव्हतं, हेतू चांगला होता. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पोरांकडे वळले.

"तुम्हाला कळलं होतं ना, राब आहे ते?"

सगळ्यांच्या माना हलल्या.

"मग पाणी का ओतलंत?"

शेवटी एकजण सतरंजीचा दोरा ओढत म्हणाला, "बाईंना मदीच कसं बोलायचं? बाई पट्टी आपटत्यात. भ्या वाटतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा मुलं, पंधराही जणांना माहीत, आणि एकाचंही तोंड उघडू नये अशी व्यवस्था मी स्वतः करून ठेवली होती. वर त्याला शिस्त म्हणून मिरवत होते. पाठ केलेलं भाषण मला पुन्हा आठवलंसुद्धा नाही. मी मुलीला म्हटलं, "माझं चुकलं. तुला मारायला नको होतं." तिने मान वर केली नाही.

सरांनी आईला विचारलं. ती पदर सारखा करत म्हणाली, "बाई शिकल्याली हाय, तिला काय बोलू? पन पातेरा कुठनं आनू पुन्यांदा? हिला घेतल्याबिगर व्हायाचं नाय."

"मी आणते, मावशी," मी म्हटलं.

ती आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की पोरंही हसायला लागली. पण ठरलं तेच. मी आणि बादलीवाल्यांनी पाला आणायचा आणि मुलीने सोमवारपासून शाळेत यायचं. आई कबूल झाली.

"येशील ना गं?" सरांनी विचारलं.

मुलगी उठून आईच्या मागोमाग चालू लागली. सोमवारी ती आलीच नाही.

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस माझी शोभा झाली, दुसरा शब्द नाही. शाळा सुटली की डोंगराची वाट. माझं पातळ करवंदीच्या जाळीत अडके, बांधलेला भारा दहा पावलांत सुटे. गावातल्या बायका पाण्याला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून मला बघून जात. "बाई, डोक्यावर घ्या, कमरंवर नाय!" अशा सूचना मिळत. आईने मला थर कसे द्यायचे ते शिकवलं. मुलगी माझ्या शेजारीच काम करायची, पण माझ्याशी अवाक्षर बोलत नव्हती. मी काही विचारलं की ती आईकडे बघायची. बाकी सगळं मला गमतीचं वाटत होतं, तेवढं मात्र लागायचं.

परीक्षेला दहा-बारा दिवस उरले होते. रविवारी सकाळी राब तयार झाला. आईने माझ्या हातात काड्यापेटी दिली. "बाई, तुमीच लावा."

मी काडी ओढली आणि जवळच्या कडेला वाकले.

"ओ बाई! थांबा!"

त्या गावात माझ्यावर इतक्या मोठ्यांदा कुणी ओरडलं नव्हतं. मुलगीच होती. "वारा तुमच्या मागनं हाय! तिथनं लावलात तर भडका उडंल, समदं दोन मिन्टांत जाईल! येवढं बी कळत..."

तिने जीभ चावली. सगळी पोरं माझ्या हाताकडे बघत होती. हातात काडी होती, ती जळत बोटांपर्यंत आली तशी मी टाकून दिली.

"नाही कळत," मी म्हटलं. "कुठून लावू, तू सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सरळ येऊन माझं मनगट धरलं आणि मला दुसऱ्या टोकाला ओढत नेलं. "हिथनं. आन फुकायचं नाय."

राब धुमसू लागला. आम्ही दोघी बांधावर बसलो. धुराकडेच बघत ती म्हणाली, "बाई, क्षेत्रफळाची गणितं हायती का परीक्षेला? माझी राहिलीत."

"आहेत," मी म्हटलं, आणि एक काटकी घेऊन तिथेच मातीत आकृती काढायला लागले. राब भाजून होईपर्यंत आम्ही गणितं केली. त्या सकाळी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं, मी दोनदा चुकले. दोन्ही वेळा तिने सांगितलं.