भरलेल्या पातेल्यांची वरात

करमाडला आमच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचा धंदा होता. आत बसून आंघोळ करता येईल एवढाली पातेली, दोन डेगा, पराती, झारे. भांडी परत आली की दादा एकेक भांडं बोटाच्या पेरानं वाजवत, कान लावत आणि निकाल देत, "पोचा आलाय." समोरच्याचा चेहरा पडायचा. हे नाटक मी नेहमी पहिल्या रांगेत बसून बघायचो.

मग दुष्काळ आला. लग्नं पुढं गेली, टँकर मनाला येईल तेव्हा येऊ लागला आणि गल्लीत पाणी साठवायला भांडी पुरेनात. दादांनी गोदाम उघडलं. "न्या, पडूनच हायेत." स्वतः मात्र शेंद्र्याकडं नव्या कारखान्यांच्या बांधकामावर विटा उचलायला जाऊ लागले. संध्याकाळी आले की पहिलं विचारायचे, "पोरं जेवली का?"

एके सकाळी शेंद्र्याचे एक गृहस्थ आले. जमीन कारखान्यात गेलेली, परवा लेकीचं लग्न, सगळी भांडी हवी होती. वर्षातलं एकुलतं एक भाडं. दादा हरखून "व्हय" म्हणाले. ते गेले आणि आई म्हणाली, "भांडी रिकामी हायेत का?"

टँकर आदल्याच दिवशी येऊन गेला होता.

दादा घरोघर गेले. प्रत्येक दारात पोरांची चौकशी केली, म्हशीची केली आणि परत फिरले. शेवटी शेजारच्या मावशींनी अडवलं.

"भाऊ, भांडी पाहिजेत ना?"

"पाहिजेत. पण पाणी सांडा म्हणू कसं?"

"सांडायचं कशाला? लग्नाला पाणी लागत नाय व्हय? पण माझ्या पातेल्यासंगं मी येणार. अन् जेवून येणार."

दादांनी तशीच सायकल शेंद्र्याला दामटली. पाण्याच्या काळजीनं ते गृहस्थ आधीच अर्धे झाले होते. त्यांनी कबूल केलं, गल्लीनं जेवायला यायचं आणि त्यांचा टँकर आला की भांडी भरूनच परत पाठवायची.

लग्नादिवशी टेम्पो निघाला. पातेल्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली आणि प्रत्येक पातेल्याला मिठी मारून त्यातल्या पाण्याची मालकीण बसलेली. मांडवाच्या तोंडाशी बँडवाल्यांना वाटलं, नवरदेवाकडचीच मंडळी आली. त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. मावशी पदर सावरत वरमायसारख्या उतरल्या, वाजवणाऱ्यांकडं मान डोलावली आणि थेट आचाऱ्यापाशी गेल्या.

"हे माझं पाणी हाय. वरणाला घ्या. हात धुवायला दुसरीचं घ्या."

दादा हसू दाबायला डेगेआड गेले. मला ते दिसले. विटांनी सोललेले हात तोंडावर, आणि खांदे गदगदा हलतायत. त्या दुष्काळात त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पुढं शहर वाढलं, मंगल कार्यालयं झाली, त्यांची भांडी त्यांचीच. दादांचा धंदा बसला, पण तोवर आम्ही शिकून उभे राहिलो होतो. आज मी शहरात, क्रांती चौकाजवळ राहतो. नळ इथंही रुसतो, म्हणून त्यांचं एक पातेलं मी पाण्यासाठी ठेवलंय.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भांडी भरून गल्लीत उतरली, तेव्हा सवयीनं दादांनी एकेक वाजवून बघितलं. आई म्हणाली, "भरलेलं काय वाजणार?"

"वाजतंय की," दादा म्हणाले, आणि पुढच्या पातेल्याला कान लावला.