पुसण्याआधीचं अपडेट

पैठण गेटजवळ एका जिन्याखाली त्याचं दुकान आहे. वाळूजच्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप तो आणतो, त्यांवर विंडोजऐवजी फुकटची लिनक्स प्रणाली टाकतो आणि विकताना झाकणावर तळहात ठेवून म्हणतो, ‘‘बघा कसं पळतंय. लई वर्षं मरत नाय.’’

महिन्याभरात गिऱ्हाईक परत येतं. कोर्सचं सॉफ्टवेअर चालत नाही, लिनक्स काढून विंडोज बसवून द्या. पूर्वी तो हुज्जत घालायचा. आता नुसतं ‘‘बरं’’ म्हणतो. पण लिनक्स पुसण्याआधी त्यातली राहिलेली सगळी अपडेट पुरी करतो. पुसायचंच आहे तर कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

‘‘अर्धवट ठिवून घालवू नये,’’ म्हणाला.

गेल्या आठवड्यात मीच माझा लिनक्सवाला लॅपटॉप विंडोजसाठी घेऊन गेलो. ऑफिसच्या फायली त्यावर धड उघडत नव्हत्या. चार वर्षं झगडून मी थकलो होतो. मी कारणं सांगू लागलो, त्यानं ऐकलीच नाहीत. अपडेट लावलं. ते पुरं होईपर्यंत आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो.

‘‘तुमचं एकच अपडेट ऱ्हायलं होतं,’’ तो म्हणाला, आणि पुसायचं बटण दाबायला लॅपटॉप माझ्याकडे वळवला.