पुराणातल्या आया आणि मोखाड्याची जीप

एकच कादंबरी तिघींनी मिळून वाचायची म्हटलं, की कादंबरी राहते बाजूला आणि किस्सेच साठत जातात. पवार बाई शिक्षिका, रंजना नर्स, मी कचेरीत क्लार्क. जव्हारहून मोखाड्याला रोज एकाच जीपने जातो आणि पुराणातल्या आईबापांवरच्या नव्या कादंबऱ्या आळीपाळीने मोठ्याने वाचतो. माझ्या पर्समध्ये सध्या ओवीच्या नाशिकच्या शाळेचा कोरा अर्जही असतो. चार वर्षांच्या पोरीला तिथे माझ्या आईकडे ठेवायचं की नाही, ठरत नाही. त्यामुळे प्रत्येक कादंबरी मला टोमणा मारायलाच लिहिल्यासारखी वाटते.

*

पहिल्या कादंबरीत कुमारी माता बाळाला पेटीत घालून नदीत सोडते. तिथे मी पुस्तक मिटलं. "मी तरी वेगळं काय करतेय?"

रंजना म्हणाली, "ते सोड गं. पेटीला भोकं होती का? आणि शेवटचं दूध कधी पाजलेलं?"

आम्ही मागची वीस पानं चाळली. लेखकाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं!

*

डोळ्यांवर पट्टी बांधून शंभर मुलं वाढवणाऱ्या राणीवर मी चांगलीच चिडले होते. पवार बाईंना तिचा हेवा वाटला. "माझ्या वर्गात चाळीसच आहेत. पण पट्टीची सोय नाही."

*

एकदा खोडाळ्याचे एक आजोबा शेजारी बसले. बोहाड्यात, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात, राक्षसाचा मुखवटा घालून नाचायचा मान त्यांच्या घरात पिढीजात. देवभक्त मुलाला छळणाऱ्या राक्षसाचं प्रकरण त्यांनी मान डोलवत ऐकलं.

"असा बाप असतो का हो, बाबा?" मी विचारलं.

"नाचताना असतो ना. फक्त आपल्या पोऱ्याला लांब बसवायचं, बाई. तो समोर आला का राक्षसाला हसू येतं."

त्या दिवशी पुढचं प्रकरण कोणी वाचलंच नाही.

*

आणि हा परवाच्या रविवारचा. नव्या कादंबरीतली गोष्ट मी ओवीला सांगितली. दोन भावांची पैज, पृथ्वीला आधी फेरी कोण मारतो. थोरला मोरावर बसून निघाला, धाकट्याने आईबाबांभोवती फेरी मारली आणि जिंकला.

ती खूश दिसली म्हणून मी धीर केला. अर्ज काढला, पेन उघडलं. "ओवी, जूनपासून नाशिकला जायचं हं, आजीकडे. मोठ्ठी शाळा आहे तिथे."

ती उठली. बूट घातले, उलटसुलट. दप्तर पाठीला लावलं. गंभीर चेहऱ्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, दप्तर उतरवलं आणि म्हणाली,

"आले नाशिकला जाऊन. आता भूक लागली."