केळीच्या सोपटाचं जहाज

माझी थोरली वहिनी ओडिशाच्या किनाऱ्यावरची. भाऊ तिकडे राइस मिलमध्ये मशिनरी बसवायला गेला होता. परतला तो लग्न ठरवूनच. आमचं गाव अर्जुनी मोरगावजवळ, घर तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचं. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला, असं बाबा सांगतात. पुरावा मागितला तर तलाव दाखवतात.

वहिनीकडेही पूर्वज होते, आणि तेही कमी नव्हते. प्राचीन कलिंगचे व्यापारी कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास जहाजं घेऊन जावा-बालीकडे निघत. त्यांची आठवण म्हणून त्या किनाऱ्यावर लोक आजही पहाटे केळीच्या सोपटाची नाव करतात आणि तीत विडा, सुपारी, दिवा ठेवून पाण्यात सोडतात. हे तिनं बाबांना सांगितलं तेव्हा ते धानाची बांधी बघून नुकतेच आले होते.

"गेले ते ठीक," बाबा म्हणाले. "पण गेले काऊन? घरी पाणी अडवता येत नोहोतं का?"

लग्नानंतरची तिची ही पहिली कार्तिक पौर्णिमा. मुलगी कोरड्या मुलखात पडली, असं तिच्या आईनं मनाशी पक्कं धरलं होतं. इथेही नाव दिसेनाशी होईपर्यंत जाते, हे फोनवर दाखवीन, असा शब्द वहिनीनं आईला दिला होता. त्यामुळे पहाटे आम्ही चौघं तलावाच्या पाळीवर होतो. फोन धरण्याचं काम माझ्याकडे. फोनमध्ये आई.

वहिनीनं घाटाच्या पायरीवरून नाव सोडली. ती हातभर गेली, वळली आणि पायरीला येऊन लागली. पुन्हा सोडली. पुन्हा आली.

"व्यापारी लवकर परतले, सूनबाई," बाबा म्हणाले. "माल खपला वाटते."

भाऊ हसला, बायकोचा चेहरा बघून थांबला. फोनमधून आई ओडियात काहीतरी बोलली. वहिनीनं त्याचं भाषांतर केलं नाही, गरजही नव्हती.

पाणी वाहतं झालं तर नाव जाईल, या विचारानं भावानं तलावाचं गेट थोडं उघडायचं सुचवलं. इथे बाबांची थट्टा संपली.

"बांधीत कडपा पडून आहे. नावेपायी कापलेला धान भिजवतं का?"

वहिनी मात्र दिव्याकडे बघत होती. ज्योत आमच्याच बाजूला झुकलेली होती.

"बाबा, हवा समोरून येते आहे ना," ती म्हणाली. "उत्तरेची. याच हवेसाठी आमची जहाजं थांबायची. नाव बरोबर आहे. आपणच गलत काठावर उभे आहोत."

मग ती आणि मी नाव उचलून, चपला हातात घेऊन, चिखल तुडवत, तलावाला वळसा घालून समोरच्या काठावर गेलो. तोवर उजाडलं होतं. तिथून सोडलेली नाव एकदाही वळली नाही. कमळाच्या पानांशी जरा अडखळली, सुटली, ठिपका झाली आणि दिसेनाशी झाली. फोनमधून आईनं जीभ हलवत असा लांब मंगल सूर काढला की जवळचे दोन बगळे उडाले. वहिनीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि आईला अख्खा तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू दाखवला.

परत आलो तेव्हा भाऊ बांधीकडे गेला होता आणि बाबा घाटावर एकटेच बसले होते. नाव त्यांच्या पायाशी, दिवा विझलेला, विडा जागेवर. बाबा काहीतरी चघळत होते.

"यातली सुपारी कुठे गेली?" वहिनीनं विचारलं.

"जकात. आमच्या बंदरात फुकट कोणाले उतरू देत नाही."

"मग पुढच्या वर्षी दोन ठेवते, बाबा."

"दोन कायले?" बाबा उठत म्हणाले. "एकच ठेवजो, पण नरम. दात पडून राहिले माहे."